शिक्का

चार नंबरच्या खिडकीवरून शिक्का मारून आणा,
मी आईला सांगते.
शिक्का कुठंच लागत नाही.
पण त्या खिडकीला रांग असते
आणि रांगेतली दहा-बारा मिनिटं
हेच माझ्याकडचं सगळ्यांत जुनं उपकरण.
बीपीचं मशीन नंतर आलं.

आई उठते. पदराला हात पुसते, कोरडेच.
दारातून एकदा मागे बघते. जाते.

नाव बदललं आहे. गाव नाही बदललं,
हुपरीत घराघरांतून पैंजणांना घुंगरू लावणाऱ्या मुली आहेत,
झाळ देताना भाजलेली बोटं सगळ्यांचीच.
आपण हिला सन्मती म्हणू.
अठरा, परवाच पूर्ण.

"मी येत नव्हतो," ती म्हणते, "मम्मीनं आणलं."

मी परभणीची. बदली होऊन कोल्हापुरात आले तेव्हा
मुलींचं हे 'मी आलो, मी गेलो' ऐकून
केसपेपर पुन्हा बघायचे,
लिंग : स्त्री, बरोबर आहे ना.
आता सवय झाली.
आता कोडं वेगळंच पडतं,
जिन्यातूनच "आलो ओ मॅडम" म्हणून ओरडणारी पोरगी
दुखतंय कुठं ते सांगताना
एवढी बारीक का होते.

फॉर्मवर प्रश्न आहेत, छापील.
'आपण लैंगिकदृष्ट्या सक्रिय आहात काय?'
असं कुणी कुणाला विचारतं का, हो?
मी आधी विचारते, जेवलीस का.
घरी कोण कोण. झोप लागते का.
मोबाईल स्वतःचा की मम्मीचा.
मग पाळी. मग पांढरं जातं का, वास, खाज,
लघवीला जळजळ,
लाईट गेल्यावर जिना उतरतात तसं,
पाय चाचपत, एकेक पायरी.

आणि शेवटच्या पायरीआधी ते वाक्य :
इथलं इथंच राहील.
पूर्वी मी एवढंच म्हणायचे, पूर्णविराम देऊन.
मग एकदा चौदा वर्षांच्या एका पोरीचं
इथंच ठेवता आलं नाही,
कायद्यानं नाही, आणि माझ्यानंही नाही.
जाताना तिनं माझ्याकडं बघितलं.
तेव्हापासून आधीच सांगते :
कुणी तुला दुखवत असेल तर मला पुढं बोलावं लागेल,
पण तुला सांगून. तुझ्या मागून नाही.
वाक्य लांबलं.
काही मुली तिथंच उठतात.

सन्मती उठत नाही.
टेबलाच्या काचेवर बोट फिरवत विचारते,
"मावसबहिणीचा टॉवेल वापरला तर होतंय?"

हा टॉवेल मला ठाऊक आहे.
किती वर्षं झाली, या खोलीत वाळत घातलेला आहे,
कधी मैत्रिणीचा, कधी लग्नघरातला.
टॉवेलनं सहसा होत नाही, मी म्हणते.
आणि गप्प बसते.
गप्प बसायचं ट्रेनिंग दोन दिवसांचं होतं,
चहा-बिस्किटांसह.
जमायला सात वर्षं लागली.

मग ती बोलली.

काय, ते इथं लिहिणार नाही.
तुम्हीही जरा
चार नंबरच्या खिडकीवर जाऊन या.

…

दोन तपासण्या लिहिल्या, माझा नंबर, पुढचा बुधवार.
"बरं होतंय न्हवं?"
"होतंय," मी म्हणाले, इथल्यासारखंच.
तिनं नाक पुसलं, ओढणी सारखी केली,
आणि चेहऱ्यावर पुन्हा
दवाखान्यात यायचंच नव्हतं असा भाव बसवला.

आई आली. कागद पुढं केला.
त्यावर दोन शिक्के,
जांभळे, एकावर एक, थोडे तिरके.

"मघाशीच आलोतो," ती म्हणाली,
"फटीतनं बघितलं तर ही बोलायलीय.
म्हणून परत रांगंत लागलो."

मग लेकीकडं न बघता, मला :
"आनि एक मारून आणू?"